महिनोन्महिने चालणारा डाव: करस्पॉन्डन्स बुद्धिबळ कसं सुरू करायचं, आणि पहिल्याच डावात सिसिलियन काहून घ्यायचं

करस्पॉन्डन्स बुद्धिबळ म्हणजे काय तर दोघं समोरासमोर बसत नाहीत, एक जण चाल लिहून पाठवतो, दुसरा ती आपल्या पटावर मांडतो, विचार करतो आणि आपली चाल पाठवतो, बस एवढंच. आणि सिसिलियन म्हणजे डाव सुरू करायची काळ्याची एक पद्धत, ती पुढं मांडून दाखवतो. आधी हे पोस्टकार्डावर चालायचं, आता बहुतेक मोबाईलवर चालतं. एका चालीला ३ दिवस, ७ दिवस, कार्डावर तर जाऊन-येऊन पंधरवडा, म्हणून एक डाव सहा महिने काय वर्षभरही चालतो.

आता कोणी म्हणेल एवढा वेळ कोणाकडं आहे, पण राजेहो उलटं आहे, वेळ नसणाऱ्यासाठीच हा खेळ आहे. मोबाईलवर दहा मिनिटाचा डाव लावला आणि मधातच रेंज गेली की हारला तुम्ही, चाल कितीही भारी असो. इथं गावची डीपी जळली आणि दोन दिवस लाईन आली नाही तरी काही बिघडत नाही. रात्रीच्या लाईनीवर ओलिताला गेले, पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत जाईपर्यंत धुऱ्यावर बसून तुम्ही ती एकच पोझिशन डोक्यात फिरवू शकता, आणि माझ्या मते खरं बुद्धिबळ तेव्हाच कळायला लागतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकली, फायनलला कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्याच विजयानं भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्याच्या आधी नागपूरचेच रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता ग्रँडमास्टर झालेले. म्हणजे विदर्भात बुद्धिबळ नाही असं कोणी म्हणू नये. पण कोच नागपूरला, स्पर्धा नागपूरला नाहीतर अमरावतीला, आणि दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यातल्या पोराला गावात खेळायला कोण, तर एक मास्तर आणि दोन पानठेल्यावरचे काका, त्यांच्या सगळ्या चाली त्याला पाठ झालेल्या. अशा पोराला बाहेरचा तगडा खेळाडू घरबसल्या मिळायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच.

आधी ठरवा, कशावर आणि कोणासंग

तीन रस्ते आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप, फुकट आहे, जाहिरात नाही, आणि साध्या फोनवरही चालतं. त्यात नवीन डाव लावताना करस्पॉन्डन्स निवडायचं आणि चालीला किती दिवस ते ठरवायचं, १ पासून १४ पर्यंत पर्याय आहेत. नवीन माणसानं ३ दिवस घ्यावे, शेतीवाल्यानं ७. चेस डॉट कॉमवर यालाच डेली म्हणतात. दोन्हीकडं वेळ संपला की डाव गेला, तिथं लग्न होतं, तेरवी होती असलं कारण चालत नाही.

दुसरा रस्ता व्हॉट्सॲप. मामेभाऊ पुण्याला, तुम्ही गावात, मंग मेसेजवर चाल टाकायची. यात अडचण एकच, पंच कोणीच नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून घ्या की चालीला किती दिवस, पाठवलेली चाल परत घेता येणार नाही, आणि मोबाईलमधल्या इंजिनची (चाल सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामची) मदत कोणीच घ्यायची नाही. हे आधी बोलले नाही की नंतर भांडण ठरलेलं.

तिसरा रस्ता पोस्टकार्ड. ५० पैशाचं कार्ड, आणि पोस्टमन गावात येतोच. कार्डावर फक्त आपली चाल लिहून भागत नाही, समोरच्याची शेवटची चाल परत लिहायची, त्याचं कार्ड कधी मिळालं ती तारीख, आपण कधी टाकलं ती तारीख, मग आपली चाल. त्याची चाल परत लिहायची म्हणजे दोघांच्या पटावर एकच पोझिशन आहे याची खात्री होते. पोस्टाच्या डावांचा जुना नेम १० चालींना ३० दिवस असा होता, आणि त्यात कार्ड प्रवासात असतानाचे दिवस धरत नसत, फक्त तुमच्या घरी ते पडून राहिलं तेवढे दिवस मोजायचे. घरी पोरं असतील तर कार्डाची मजा वेगळीच आहे, पण पहिला डाव मोबाईलवरच लावा असं मी म्हणीन, नाहीतर पाच चालीतच दिवाळी यायची.

चाल लिहायला शिका

पटाच्या उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आणि आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. म्हणजे पांढऱ्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं गेलं की ते ई४. घोडा, उंट, हत्ती, वजीर चालला तर त्याचं नाव आधी लिहायचं, घोडा एफ३. प्याद्याला नाव लागत नाही. मारलं तर मधात × टाकायचं.

पण परदेशातला माणूस असला तर घोडा त्याला काय कळणार. म्हणून आंतरराष्ट्रीय करस्पॉन्डन्स संघटनेनं, म्हणजे आयसीसीएफनं, फक्त आकड्यांची पद्धत ठेवली आहे. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं एच म्हणजे ८, आणि चाल म्हणजे चार आकडे, आधी निघायचं घर, मग पोचायचं घर. ई२ वरून ई४ म्हणजे ५२५४. सी७ वरून सी५ म्हणजे ३७३५. घोडा जी१ वरून एफ३ म्हणजे ७१६३. पांढऱ्यानं राजाकडच्या बाजूनं कॅसलिंग (राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडं येतो ती चाल) केलं तर राजाचीच चाल लिहायची, ५१७१. मराठी माणूस आणि एस्टोनियाचा माणूस एक शब्दही न बोलता अख्खा डाव खेळू शकतात. व्हॉट्सॲपवर गावातल्या गावात खेळतानाही मला हीच पद्धत बरी वाटते, ऑटोकरेक्ट आकड्यांना हात लावत नाही.

पट आणि वही

खरा पट घ्या. मोबाईलवरच्या छोट्या पटावर तिरपा उंट दिसत नाही, दूरवरून मारतो आणि मंग आपण कपाळाला हात लावतो. दोन पट असले तर उत्तम, एक चालू पोझिशनचा, त्याला कोणी हात लावायचा नाही, दुसरा चाली मांडून पाहायला. एकच असला तर मांडून पाहायचं काम ॲपच्या ॲनालिसिस बोर्डवर करा.

आणि वही. दोनशे पानी, डाव्या पानावर चाल आणि तारीख, उजव्या पानावर ही चाल काहून खेळलो आणि समोरून काय काय येऊ शकतं. हे लिहिलं नाही तर पाच दिवसांनी उत्तर आल्यावर तुम्ही शून्यापासून सुरू करता, आधी जे सापडलं होतं ते विसरून जाता. लिचेसमध्येही डावाच्या बाजूला नोट लिहायची जागा असते, ती फक्त आपल्यालाच दिसते. एकावेळी दोनच डाव लावा. नवीन लोकं उत्साहात वीस डाव लावतात आणि मंग प्रत्येक चाल दहा सेकंदात टाकतात, त्यापेक्षा मंग ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, खेळलेलं काय वाईट.

आता सिसिलियन

पांढऱ्यानं १.ई४ खेळलं आणि काळ्यानं १...सी५ खेळलं की झालं सिसिलियन (आकड्यापुढं तीन टिंबं म्हणजे ती चाल काळ्याची). मोठ्या खेळाडूंमध्ये ई४ ला सगळ्यात जास्त दिलं जाणारं उत्तर हेच. बरेच कोच नवीन पोराला म्हणतात सिसिलियन घेऊ नको, चाली लय पाठ कराव्या लागतात, तू आपलं ई५ खेळ. समोरासमोरच्या डावासाठी हे बरोबर आहे. करस्पॉन्डन्समध्ये पाठ काहीच करायचं नाही, पुस्तक उघडं ठेवून खेळायची परवानगी आहे, म्हणून मला तर वाटतं सिसिलियन शिकायची खरी जागा हीच.

कल्पना साधी आहे. पांढऱ्याला डी४ खेळून मधली जागा धरायची असते, काळा म्हणतो खेळ, मी माझं कडेकडचं सी प्यादं देऊन तुझं मधलं डी प्यादं घेतो. बघा:

१.ई४ सी५ २.घोडा एफ३ डी६ ३.डी४ सी×डी४ ४.घोडा×डी४ घोडा एफ६ ५.घोडा सी३

इथं थांबा आणि पटाकडं पाहा. काळ्याकडं मधात दोन प्यादी, डी आणि ई, पांढऱ्याकडं एकच ई. काळ्याची सी पट्टी अर्धी मोकळी, तिथं पुढं हत्ती सी८ वर येऊन बसणार. हे झालं काळ्याचं. पांढऱ्याचं काय, तर त्याची मोहरी आधी बाहेर निघाली, डी पट्टी त्याला मोकळी, आणि तो काळ्याच्या राजावर चालून जाणार. दोघांचं भांडवल वेगळं म्हणून डाव लवकर बरोबरीत सुटत नाही. चौथ्या चालीचा घोडा एफ६ उगाच नाही, तो ई४ च्या प्याद्यावर जातो म्हणून पांढऱ्याला घोडा सी३ ला आणावा लागतो, आणि मंग त्याचं सी प्यादं त्या घोड्यामागं अडकतं, सी४ खेळून डी५ ला कुलूप लावता येत नाही.

पाचव्या चालीला काळ्याचे रस्ते फुटतात. ५...जी६ म्हणजे ड्रॅगन, ५...ए६ म्हणजे नायडॉर्फ, फिशर आणि कास्पारोव्ह या दोन्ही जगज्जेत्यांचं आवडतं. ५...ए६ पाहून नवीन माणूस विचारतो हे काय, कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलं, मोहरी काढायची सोडून? त्याचं उत्तर एका सापळ्यात आहे, तो पटावर मांडूनच पाहा.

ड्रॅगनमध्ये ५...जी६ ६.उंट ई३ झाल्यावर काळ्याला वाटतं, घोडा जी४ टाकून त्या उंटाला त्रास देऊ. टाकला की ७.उंट बी५ शह! मधात उंट डी७ ठेवा, तर तो उंट राजासमोर बांधला गेला, हलू शकत नाही, आणि ८.वजीर×जी४, घोडा फुकट गेला. मधात घोडा ठेवला तरी सुटका नाही. आता हेच नायडॉर्फमध्ये करा, ५...ए६ ६.उंट ई३ घोडा जी४. इथं उंट बी५ शह दिला तर ए×बी५, उंटच गेला, आणि पांढऱ्यानं वजिरानं जी४ चा घोडा मारला तर आपला सी८ चा उंट मोकळा आहे, तो वजीरच खाऊन टाकतो. म्हणून नायडॉर्फमध्ये ६...घोडा जी४ ही रीतसर खेळली जाणारी चाल आहे, पुढं ७.उंट जी५ एच६ ८.उंट एच४ जी५ ९.उंट जी३ उंट जी७ असं चालतं. एका प्याद्याच्या एका घरानं तीच चाल चुकीची की बरोबर ते ठरलं.

पहिल्या डावासाठी माझा सल्ला, नायडॉर्फ घ्या. पांढऱ्यानं शांतपणे ६.उंट ई२ खेळलं तर ६...ई५ ७.घोडा बी३ उंट ई७, मग दोघांचं कॅसलिंग, मग उंट ई६, घोडा बी८ वरून डी७, हत्ती सी८, आणि जमलं तर बी५. ई५ खेळल्यानं डी५ चं घर कच्चं राहतं आणि डी६ चं प्यादं मागं पडतं, ही किंमत मोजलेली आहे, म्हणून पुढचे पंधरा दिवस पांढऱ्याचा घोडा डी५ वर पक्का बसणार नाही याच्यावर नजर ठेवा. पण ६.उंट जी५ आला तर ई५ ढकलू नका, ७.उंट×एफ६ वजीर×एफ६ ८.घोडा डी५ आणि वजिराला परत पळावं लागतं. तिथं ६...ई६. तेव्हा सहावी चाल आल्याशिवाय सहावं उत्तर ठरवून ठेवू नका.

सगळे पांढरे ३.डी४ खेळतीलच असं नाही. खेड्यापाड्यात तर ३.सी३ किंवा २.सी३ लय येतं, कारण लोकांना लांब थिअरी, म्हणजे पुस्तकातल्या चालींच्या रांगा, नको असते. २.सी३ ला घोडा एफ६, ३.ई५ घोडा डी५, घोडा मधात बसला, चिंता नाही. पण २.घोडा एफ३ डी६ ३.सी३ घोडा एफ६ ४.उंट ई२ झालं की ई४ चं प्यादं उघडं दिसतं आणि हात शिवशिवतो. मारू नका. ४...घोडा×ई४ ला ५.वजीर ए४ शह, आणि चौथ्या ओळीतून वजीर सरळ तुमच्या घोड्यावर. गेला घोडा.

आणि ३.उंट बी५ शह आलं तर एक डाव नक्की काढून पाहा, कास्पारोव्ह विरुद्ध जग, १९९९. इंटरनेटवर एकीकडं कास्पारोव्ह, दुसरीकडं ७५ हून जास्त देशांतले ५० हजारांवर लोकं मतदान करून काळ्याची चाल ठरवायचे, प्रत्येक बाजूला २४ तास. तो डाव सिसिलियनच होता. दहाव्या चालीला लोकांनी वजीर ई६ खेळली, ती सुचवली होती तेव्हा १५ वर्षांच्या असलेल्या इरिना क्रशनं, वजीर एकदम सी४ आणि ई४ दोन्ही प्याद्यांवर, आणि कास्पारोव्हला दोन्ही वाचवता येत नव्हती. शेवटी ६२ चालींनंतर तोच जिंकला, पण जून ते ऑक्टोबर त्याला घाम फुटला. दिवसाला एक चाल खेळून सामान्य माणसं कुठपर्यंत जाऊ शकतात ते त्यात दिसतं.

पुस्तक चालतं, इंजिन चालत नाही

इथं लोकं लय गोंधळतात. लिचेस आणि चेस डॉट कॉमवर करस्पॉन्डन्स डावात ओपनिंगचं म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं पुस्तक, जुने डाव, ओपनिंग एक्सप्लोरर (कोणती चाल किती वेळा खेळली गेली ते दाखवणारी यादी) हे सगळं पाहायला परवानगी आहे. इंजिनला विचारायची नाही, एकदाही नाही, आणि शेवटच्या थोड्या मोहऱ्यांचे तयार तक्ते म्हणजे टेबलबेस तेही नाही. पकडलं तर खातं जातं. आयसीसीएफवर मात्र इंजिन वापरायला चालतं, तिथला खेळ वेगळाच आहे, वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. नवीन माणसानं तिकडं इतक्यात जाऊ नये, तिथं तुम्ही कॉम्प्युटरचे पोस्टमन होऊन बसाल. पुढं कधी जायचंच झालं तर भारतातून ऑल इंडिया करस्पॉन्डन्स चेस फेडरेशनमार्फत जाता येतं.

एक्सप्लोररमध्ये एखादी चाल जास्त वेळा खेळली गेली म्हणून ती टाकून मोकळं होऊ नका. तिथल्या दोन-चार डावांच्या पुढच्या पंधरा चाली पटावर खेळून पाहा, काळ्याचा हत्ती कुठं गेला, घोडा कुठं बसला. पुस्तक संपलं की तुम्ही एकटे पडणार आहात, आणि तेव्हा प्लॅन माहीत नसला तर बाराव्या चालीपर्यंतचा भारी डाव सोळाव्या चालीला मातीत जातो.

जर-तरच्या चाली

जिथं समोरच्याचं उत्तर जवळपास ठरलेलं आहे तिथं पुढची चाल आधीच सांगून ठेवता येते. कार्डावर असं लिहायचं: २...डी६, जर ३.डी४ तर सी×डी४, जर ४.घोडा×डी४ तर घोडा एफ६. एका कार्डात तीन चाली, महिना वाचला. समोरच्यानं ती चाल खेळली की तुमचं उत्तर बंधनकारक, आता नको म्हणता येत नाही. लिचेसमध्येही ही सोय आहे.

फक्त कोणतीही चाल आली तरी असं कधी लिहू नका. जुना किस्सा सांगतात, १.डी४ ला एकानं लिहून पाठवलं, १...जी६, आणि दुसऱ्या चालीला काहीही खेळ, माझा उंट जी७. समोरच्यानं २.उंट एच६ खेळलं. याला लिहिल्याप्रमाणं उंट जी७ करावंच लागलं, ३.उंट×जी७, उंट गेला आणि मागं हत्तीही जाणार.

पाठवायच्या आधी

चाल सापडली की लगेच पाठवू नका, वहीत लिहा आणि झोपा. सकाळी ताज्या डोक्यानं पट पाहा आणि समोरच्याच्या खुर्चीत बसून तीन गोष्टी शोधा, त्याच्याकडं शह कोणते, तो काय मारू शकतो, आणि माझं हे मोहरं हललं तर मागं काय उघडं पडलं. सिसिलियनमध्ये राजा बराच वेळ मधात राहतो म्हणून शह आधी. मग पट आणि ॲपमधली पोझिशन जुळते का बघा, घरात लेकरू असलं तर हे रोज करा. मग पाठवा, आणि पाठवल्यावर त्या दिवशी पुन्हा पाहू नका, चाल तर परत येत नाही.

हंगामाचं गणित आधीच मांडा. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणी अंगावर आली की डोकं चालत नाही, तेव्हा नवीन डाव लावू नका, आणि चालू डावात समोरच्याला सरळ सांगा की आता आठवडाभर माझी चाल उशिरा येईल, वेळेच्या आत येईल. उन्हाळ्यात दुपारी बाहेर निघता येत नाही, ती वेळ सोन्यासारखी, किचकट पोझिशन तेव्हा काढा.

डाव हातचा गेला असं दिसलं तर राजीनामा द्या, चालच न पाठवता वेळ संपू देणं हे लोकांना आवडत नाही, आणि पुढच्या डावाला तो माणूस तुम्हाला मिळत नाही. बरोबरी मागायची तर एकदा मागा, नाही म्हटला तर पोझिशन बदलल्याशिवाय पुन्हा मागू नका.

डाव संपल्यावर मात्र इंजिन लावा, आता पूर्ण मोकळीक आहे. वहीच्या उजव्या पानावर तुम्ही जे लिहिलं होतं ते आणि इंजिन जे म्हणतं ते बाजूबाजूला ठेवा, कोणत्या चालीला पुस्तक संपलं आणि त्यानंतरची पहिली चूक कोणाची ते लाल पेननं खूण करा, आणि समोरच्यालाही पाठवा, त्याच्याकडूनही मागा. मंग त्याच माणसासंग रंग बदलून पुन्हा डाव लावा, आता सी५ तुमच्यासमोर येईल आणि नायडॉर्फला सहाव्या चालीत उंट ई२ टाकायचा की उंट जी५ ते तुम्ही ठरवा.